वॉरफरिन घेणाऱ्यांसाठी घरच्या घरी आयएनआर चाचणी : सेवा कशी घ्यावी आणि कशी वापरावी

वॉरफरिन या रक्ताच्या गुठळ्या टाळणाऱ्या औषधाचा योग्य डोस केवळ रुग्णाचे वय किंवा वजन पाहून ठरवता येत नाही. रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणाऱ्या आयएनआर या रक्तचाचणीचा आकडा पाहून तो ठरवावा लागतो, आणि आज पुरेसा असलेला डोस महिन्याभराने त्याच माणसाला कमी किंवा जास्त पडू शकतो. त्यामुळे हे औषध चालू असेपर्यंत चाचणीही चालूच राहते. अनेकांच्या बाबतीत हा काळ आयुष्यभराचा असतो, आणि दर वेळी प्रयोगशाळेत जाऊन शिरेतून रक्त देणे नोकरी करणाऱ्यांना, दूर राहणाऱ्यांना आणि वृद्धांना जड जाते. अशांसाठी घरी चाचणी करण्याची सेवा उपलब्ध झाली आहे. एखादी कंपनी किंवा रुग्णालयाचा विभाग रुग्णाला हातात मावणारे यंत्र, रक्ताचा थेंब ज्यावर द्यायचा त्या स्ट्रिप आणि बोटाला टोचण्याच्या सुया देतो, त्यांचा वापर शिकवतो, घरी आलेले आकडे गोळा करतो आणि ते डॉक्टरांपर्यंत पोहोचवतो.

हा लेख अशी सेवा घेण्याच्या विचारात असलेल्या किंवा ती नुकतीच घेतलेल्या व्यक्तींसाठी आहे. डोस किती बदलावा हे यात सांगितलेले नाही, कारण तो निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा असतो. नवख्या माणसाचे सगळे लक्ष सहसा यंत्राकडे लागते. पण यंत्र थोड्याच सरावाने अंगवळणी पडते. आकडा आल्यानंतर तो कोणाकडे जातो, किती वेळात जातो, त्यावर निर्णय कोण घेतो आणि उत्तर आलेच नाही तर काय करायचे, ही साखळी आधी पक्की केलेली नसेल तर उत्तम यंत्राचाही फारसा उपयोग होत नाही. म्हणून येथे यंत्राइतकीच जागा या साखळीला दिली आहे.

आकडा नेमके काय सांगतो

रक्त गोठण्याच्या क्रियेतील दुसरा, सातवा, नववा आणि दहावा हे घटक यकृतात तयार होतात आणि ते कार्यक्षम होण्यासाठी के जीवनसत्त्व लागते. वॉरफरिन या जीवनसत्त्वाचा शरीरातील पुनर्वापर रोखते, त्यामुळे नव्याने तयार होणारे घटक अपुरे राहतात. रक्तात आधीपासून असलेले घटक मात्र लगेच संपत नाहीत. सातव्या घटकाचे प्रमाण काही तासांतच निम्म्यावर येते, तर दुसऱ्याला त्यासाठी अडीच-तीन दिवस लागतात. म्हणून आज डोस बदलला तर त्याचा परिणाम आकड्यात दिसू लागायला दोन-तीन दिवस आणि पूर्ण दिसायला साधारण आठवडा जातो. घरात यंत्र आले की रोज आकडा पाहण्याचा मोह होतो. तो का टाळावा, याचे उत्तर या संथ गतीत आहे.

चाचणीत रक्तात थ्रॉम्बोप्लास्टिन हा पदार्थ मिसळून रक्त गोठण्यास लागणारा वेळ मोजला जातो. हा पदार्थ प्रत्येक उत्पादकाचा थोडा वेगळा असल्याने सेकंदांत मोजलेला वेळही प्रयोगशाळेगणिक वेगळा येत असे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८३ साली आयएनआर ही समान मोजपट्टी स्वीकारली आणि त्यानंतर निरनिराळ्या ठिकाणचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येऊ लागले. वॉरफरिन न घेणाऱ्या निरोगी व्यक्तीचा आयएनआर १ च्या आसपास असतो. अनियमित हृदयगतीसाठी, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनसाठी, किंवा पायातील अथवा फुप्फुसातील गुठळीसाठी औषध घेणाऱ्यांची लक्ष्यमर्यादा बहुधा २ ते ३ असते. हृदयातील मायट्रल झडप कृत्रिम धातूची बसवलेली असेल तर ती सहसा २.५ ते ३.५ ठेवतात. आकडा खाली गेला की गुठळीचा धोका वाढतो आणि वर गेला की रक्तस्रावाचा. आपली स्वतःची लक्ष्यमर्यादा डॉक्टरांकडून लिहून घ्यावी. ओळखीच्या दुसऱ्या रुग्णाची मर्यादा आपल्याला लागू होईलच असे नाही.

सेवा आपल्यासाठी आहे का

गेल्या काही वर्षांत नियमित आयएनआर चाचणीची गरज नसलेली नवी औषधे आली आणि एट्रियल फिब्रिलेशनच्या अनेक रुग्णांचे वॉरफरिन बंद झाले. पण धातूची कृत्रिम झडप असलेल्यांना ती औषधे चालत नाहीत. मायट्रल झडप बरीच अरुंद झालेली असताना एट्रियल फिब्रिलेशन असेल तर, आणि अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोमच्या, म्हणजे शरीरातील प्रतिपिंडांमुळे गुठळ्या होण्याच्या आजाराच्या, अधिक जोखमीच्या रुग्णांतही, वॉरफरिनच पसंत केले जाते. म्हणून सेवेसाठी नाव नोंदवण्यापूर्वी डॉक्टरांना एक साधा प्रश्न विचारावा : मला वॉरफरिनच आवश्यक आहे का, आणि किती काळ? औषध केवळ तीन महिन्यांसाठी असेल तर यंत्र, प्रशिक्षण आणि नोंदणी यांचा खटाटोप बहुधा व्यर्थ ठरतो.

फायद्याबद्दलच्या अपेक्षाही वाजवी असाव्यात. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत सुमारे २,९०० रुग्णांवर झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आठवड्याला घरी चाचणी करणाऱ्यांत आणि महिन्याला दवाखान्यात चाचणी करणाऱ्यांत पक्षाघात, मोठा रक्तस्राव किंवा मृत्यू यांच्या बाबतीत ठळक फरक आढळला नाही. २०१२ साली ११ चाचण्यांतील ६,४१७ रुग्णांची माहिती एकत्र करून झालेल्या विश्लेषणात मात्र घरी चाचणी करणाऱ्यांत गुठळ्यांमुळे होणाऱ्या घटना जवळजवळ निम्म्याने कमी दिसल्या. रक्तस्राव आणि मृत्यू यांत लक्षणीय फरक नव्हता. या विश्लेषणात सर्वाधिक लाभ ५५ वर्षांखालील रुग्णांना आणि कृत्रिम झडप असलेल्यांना झाला. यावरून घरची चाचणी नीट शिकून केली तर ती दवाखान्यातल्या देखरेखीपेक्षा कमी सुरक्षित नाही, आणि काही गटांसाठी अधिक चांगली आहे, असे म्हणता येते. तिच्याकडून याहून अधिक अपेक्षा ठेवू नये.

आता अडचणींविषयी. ज्यांची दृष्टी अधू आहे, हात थरथरतात किंवा लहान स्ट्रिप हाताळणे ज्यांना जमत नाही, त्यांच्यासाठी घरातील दुसऱ्या व्यक्तीने चाचणी करणे हा उत्तम मार्ग आहे. मात्र मग प्रशिक्षणही त्याच व्यक्तीने घ्यायला हवे. काही रुग्णांत यंत्राचाच आकडा फसवा येतो. तांबड्या पेशींचे प्रमाण फार कमी किंवा फार जास्त असेल तर बहुतेक यंत्रे विश्वासार्ह राहत नाहीत. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातील तांबड्या पेशींचा वाटा, २५ ते ५५ टक्क्यांच्या दरम्यान असावे अशी एका बहुप्रचलित यंत्राची अट आहे. अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडे असलेल्या काहींमध्ये यंत्र प्रत्यक्षापेक्षा बराच जास्त आयएनआर दाखवते, आणि तो पाहून डोस कमी केला तर नेमक्या त्याच रुग्णाला गुठळी होऊ शकते. असा आजार असेल तर घरी चाचणी करावी की नाही हे रक्तविकारतज्ज्ञांनीच ठरवावे.

नोंदणी करताना

बहुतेक सेवा डॉक्टरांच्या लेखी आदेशाशिवाय सुरू होत नाहीत, आणि ते योग्यच आहे. औषध सुरू होऊन किमान तीन महिने झालेले असावेत, अशीही अट अनेक ठिकाणी असते, कारण सुरुवातीच्या अस्थिर काळात जवळची देखरेख लागते. आदेशात औषध कशासाठी चालू आहे, लक्ष्यमर्यादा किती, चाचणी किती दिवसांनी करायची आणि कोणत्या आकड्याला तातडीने फोन करायचा, या चार गोष्टी स्पष्ट असाव्यात. त्या आदेशाची एक प्रत स्वतःजवळ ठेवावी.

सेवा आणि डॉक्टर यांच्या जबाबदाऱ्या वेगळ्या असतात, हे बऱ्याच जणांना नोंदणीनंतर कळते. सेवेचा कर्मचारी आकडा नोंदवून घेतो, तो पुढे पाठवतो, साहित्य पुरवतो आणि यंत्र बिघडले तर मदत करतो; डोस बदलण्याचा अधिकार त्याला सहसा नसतो. काही रुग्णालयांच्या स्वतःच्या सेवेत मात्र प्रशिक्षित औषधतज्ज्ञ किंवा परिचारिका ठरलेल्या नियमांनुसार डोस सांगतात. तिसरा प्रकार म्हणजे रुग्णाने स्वतःच तक्त्यानुसार डोस बदलणे. त्यासाठी वेगळे आणि बरेच सखोल प्रशिक्षण लागते आणि नवशिक्याने त्याचा विचार लगेच करू नये. आपण यांपैकी कोणत्या व्यवस्थेत आहोत, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे.

त्याच वेळी पुढील प्रश्नही विचारावेत. मी कळवलेला आकडा डॉक्टरांकडे किती तासांत पोहोचतो? तो पोहोचल्याची पावती मला मिळते का? सुट्टीच्या दिवशी किंवा रात्री धोक्याचा आकडा आला तर फोन कोण उचलतो? डॉक्टर रजेवर असतील तर त्यांच्या जागी कोण? स्ट्रिप आपोआप येतात की दर वेळी मागवाव्या लागतात? यंत्र माझ्या मालकीचे की सेवेच्या? विमा असेल तर किती चाचण्यांचा खर्च मिळतो आणि ठरावीक संख्येने आकडे कळवल्यावरच तो मिळतो का? या प्रश्नांची उत्तरे देताना टाळाटाळ करणारी सेवा पुढे अडचणीच्या वेळीही तशीच वागेल, असे समजायला हरकत नाही.

प्रशिक्षण आणि पहिली तुलना

चलचित्र पाहून शिकणे पुरेसे नाही. प्रशिक्षकासमोर, प्रत्यक्ष किंवा दृश्य-संवादातून, संपूर्ण चाचणी स्वतःच्या हाताने करून दाखवावी आणि प्रशिक्षकाने मध्ये हात घालू नये असा आग्रह धरावा. यंत्राने चूक दाखवली तर काय करायचे, हेही त्याच वेळी विचारावे.

यानंतर एक पायरी कधीही वगळू नये : त्याच दिवशी, शक्यतो काही तासांच्या आत, शिरेतून रक्त देऊन प्रयोगशाळेतील आयएनआर आणि आपल्या यंत्राचा आयएनआर ताडून पाहावा. दोन्ही आकडे तंतोतंत जुळत नाहीत आणि तशी अपेक्षाही नसते. अशा यंत्रांसाठीच्या आयएसओ १७५९३ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार २ ते ४.५ या पट्ट्यातील ९० टक्के निकाल प्रयोगशाळेच्या निकालापासून ३० टक्क्यांच्या आत असावे लागतात. २ पेक्षा कमी आकड्यांसाठी ही सूट ०.५ इतकी आहे. म्हणजे प्रयोगशाळेत २.५ आणि यंत्रावर २.८ आले तर काळजीचे कारण नाही. फरक मोठा असेल, किंवा तो दर वेळी एकाच दिशेने येत असेल, तर डॉक्टरांनी त्याची नोंद घेतली पाहिजे. ही तुलना साधारण सहा महिने ते वर्षभराने पुन्हा करावी. एकदा घरच्या यंत्रावर, एकदा या प्रयोगशाळेत आणि एकदा त्या प्रयोगशाळेत असे आकडे मिसळत गेले की खरा चढउतार कोणता आणि मोजणीतला फरक कोणता हे कळेनासे होते; म्हणून नेहमीची मोजणी शक्यतो एकाच मार्गाने करावी.

चाचणीचा दिवस

चाचणी आठवड्याच्या पहिल्या एक-दोन कामाच्या दिवशी आणि सकाळी करावी. कारण अगदी व्यावहारिक आहे : सकाळी आकडा कळवला तर डॉक्टरांचे उत्तर संध्याकाळपर्यंत येते, आणि वॉरफरिन संध्याकाळी घेण्याची सवय असेल तर बदललेला डोस त्याच दिवसापासून पाळता येतो. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी केलेल्या चाचणीचा आकडा कोणी न पाहता पडून राहण्याची शक्यता अधिक असते. चाचणीसाठी उपाशी राहण्याची गरज नाही.

आधी सर्व साहित्य सपाट, स्थिर आणि उजेडाच्या जागी मांडावे. स्ट्रिपच्या डबीवरील वापराची अंतिम तारीख पाहावी. काही यंत्रांत प्रत्येक नव्या डबीसोबत एक छोटी चिप येते; तिच्यावरील क्रमांक, डबीवरील क्रमांक आणि यंत्राच्या पडद्यावरील क्रमांक जुळायलाच हवेत, कारण त्या खेपेतील थ्रॉम्बोप्लास्टिनची माहिती यंत्राला तिच्यातूनच मिळते. स्ट्रिपना दमट हवा आणि उष्णता सोसत नाही. डबीतून स्ट्रिप काढली की झाकण लगेच घट्ट लावावे आणि काढलेली स्ट्रिप सूचनेत दिलेल्या मिनिटांच्या आत वापरावी.

मग हात कोमट पाण्याने आणि साबणाने धुवावेत आणि पूर्ण कोरडे करावेत. बोटावर पाण्याचा एक थेंब जरी राहिला तरी रक्त पातळ होऊन आकडा बिघडू शकतो; जंतुनाशक स्पिरिट वापरले असेल तर तेही पूर्ण वाळू द्यावे. हात गार असतील तर ते एकमेकांवर चोळावेत आणि मिनिटभर खाली सोडून ठेवावेत. रक्त पुरेसे न येण्याच्या बहुतेक तक्रारींचे मूळ या गार हातांत असते, आणि उपायही इतका सोपा की तो वगळला जातो.

यंत्रात स्ट्रिप बसवून ते तयार होण्याची वाट पाहावी आणि त्यानंतरच बोट टोचावे. आधी टोचले तर यंत्र तयार होईपर्यंत बोटावरचे रक्त गोठू लागते. सुई बोटाच्या टोकाच्या मध्यभागी न टोचता कडेला टोचावी. तेथे दुखते कमी आणि रक्तही चांगले येते. टोचल्यावर बोट तळापासून टोकाकडे हलकेच दाबत थेंब मोठा होऊ द्यावा. टोकाशीच जोराने पिळू नये, कारण त्यामुळे ऊतींतील द्रव रक्तात मिसळतो आणि हा द्रव रक्त गोठण्याची क्रिया स्वतःच सुरू करू शकतो. मधुमेहाच्या साखर-चाचणीत पहिला थेंब पुसण्याची सवय लागलेल्यांनी येथे विशेष लक्ष द्यावे : प्रचलित आयएनआर यंत्रांत सहसा पहिलाच थेंब, टोचल्यापासून सुमारे १५ सेकंदांच्या आत, स्ट्रिपवर द्यायचा असतो. आपल्या यंत्राची पुस्तिका वेगळे सांगत असेल तर अर्थातच पुस्तिका प्रमाण मानावी. थेंब एकदाच आणि पुरेसा द्यावा. कमी पडला असे वाटून वरून दुसरा थेंब टाकू नये. निकाल साधारण एका मिनिटात येतो आणि तोवर यंत्र हलवू नये.

यंत्राने चूक दाखवली तर नवी स्ट्रिप, नवी सुई आणि दुसरे बोट, शक्यतो दुसऱ्या हाताचे, घ्यावे. सलग दोनदा चूक आली तर सेवेला फोन करावा. एकामागून एक स्ट्रिप वाया घालवण्यात अर्थ नाही. चाचणीनंतर बोटावर कापसाने दोन-तीन मिनिटे दाब द्यावा. वॉरफरिनमुळे रक्त थांबायला थोडा अधिक वेळ लागणे स्वाभाविक आहे. वापरलेली सुई जाड, झाकण लागणाऱ्या डब्यात टाकावी आणि ती पुन्हा कधीही वापरू नये. टोचण्याचे साधन घरातील दुसऱ्या कोणाला, अगदी एकदाही, देऊ नये; अशा सामायिक साधनांतून हिपॅटायटिस बी पसरल्याची उदाहरणे आहेत.

आकडा कळवणे आणि उत्तर मिळवणे

आकडा दिसताच तो प्रथम वहीत उतरवावा : तारीख, वेळ, आयएनआर, स्ट्रिपच्या खेपेचा क्रमांक, त्या आठवड्यात घेतलेला एकूण डोस, चुकलेली गोळी, नवे औषध किंवा आजारपण. खेपेच्या क्रमांकाची नोंद अनेकांना अनाठायी वाटते. पण २०१८ साली एका प्रचलित यंत्राच्या स्ट्रिप मोठ्या प्रमाणावर परत मागवण्यात आल्या, कारण त्या, विशेषतः वरच्या पट्ट्यात, प्रत्यक्षापेक्षा जास्त आयएनआर दाखवत होत्या. अशी सूचना निघाली की आपली डबी त्यात आहे का आणि आपले कोणते आकडे संशयास्पद ठरतात, हे त्या नोंदीवरूनच कळते.

त्यानंतर सेवेने सांगितलेल्या मार्गाने, म्हणजे फोनवर, ॲपमधून किंवा संकेतस्थळावर, आकडा त्याच दिवशी कळवावा. जो आकडा आला तोच कळवावा. आवडता आकडा येईपर्यंत तीनदा चाचणी करून तिसरा कळवणे, किंवा ३.४ ला ३ म्हणणे, हे प्रकार घडतात. त्यातून डॉक्टरांसमोर जे चित्र उभे राहते ते चुकीचे असते आणि पुढचा डोस त्यावरच ठरतो. खरेच शंका असेल तर चाचणी पुन्हा करण्यास हरकत नाही, मात्र दोन्ही आकडे कळवावेत.

संध्याकाळच्या गोळीच्या वेळेपर्यंत उत्तर आले नाही तर काय करायचे, हे डॉक्टरांशी आधीच ठरलेले असावे. आकडा मर्यादेत असेल तर नेहमीचा डोस चालू ठेवणे, असेच बहुधा ठरते. आकडा मर्यादेबाहेर असताना शांतता म्हणजे संमती असे समजू नये आणि स्वतः दवाखान्यात फोन करावा. डोसविषयी सूचना घेताना ती मिलिग्रॅममध्ये घ्यावी, मोठ्याने परत म्हणून दाखवावी आणि लिहून ठेवावी. गोळीच्या रंगावर विसंबणे घातक ठरू शकते : अमेरिकेत गुलाबी गोळी १ मिलिग्रॅमची असते आणि ब्रिटनमध्ये तीच ५ मिलिग्रॅमची. देश किंवा कंपनी बदलली की रंगही बदलू शकतो.

आकडा मर्यादेबाहेर आला तर

लक्ष्यमर्यादेच्या जरासा बाहेर गेलेला एखादा आकडा म्हणजे संकट नव्हे. अमेरिकन कॉलेज ऑफ चेस्ट फिजिशियन्स या संस्थेच्या २०१२ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, एरवी स्थिर असलेल्या रुग्णाचा आयएनआर एकदाच ०.५ पर्यंत वर किंवा खाली गेला तर डोस तोच ठेवून एक-दोन आठवड्यांत पुन्हा चाचणी करावी. दर किरकोळ चढउताराला डोस बदलत राहिल्यास आकडा अधिकच हेलकावे खाऊ लागतो. म्हणून डॉक्टरांनी काहीच बदल सुचवला नाही तर त्यांनी दुर्लक्ष केले असे मानू नये.

मोठ्या फरकाची गोष्ट वेगळी आहे. तातडीने फोन करण्याच्या मर्यादा अनेक ठिकाणी १.५ च्या खाली आणि ५ च्या वर अशा असतात. कृत्रिम झडप असलेल्यांसाठी खालची मर्यादा अधिक कडक असू शकते. आकडा ४.५ ते ५ च्या पुढे गेला की घरच्या यंत्राची अचूकता कमी होते, म्हणून असा आकडा शिरेतील रक्ताने पडताळून घेण्यास डॉक्टर सांगतात. स्वतःहून के जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेऊ नयेत आणि स्वतःहून अनेक दिवस वॉरफरिन बंदही ठेवू नये.

काही प्रसंगी यंत्र काढत बसू नये. न थांबणारा रक्तस्राव, काळे किंवा रक्तमिश्रित शौच, लाल लघवी, रक्ताची उलटी, अचानक उठलेली तीव्र डोकेदुखी, चेहरा वाकडा होणे, बोलणे अडखळणे, एका बाजूची शक्ती जाणे, श्वास लागणे, यांपैकी काहीही झाले तर सरळ रुग्णालयात जावे. डोक्याला जोराचा मार लागला असेल तर बरे वाटत असले आणि आयएनआर मर्यादेत असला तरीही तपासून घ्यावे.

ठरलेल्या दिवसाआधी चाचणी कधी करावी

घरी यंत्र असण्याचा सर्वांत मोठा लाभ, माझ्या मते, येथे आहे. वॉरफरिनचा परिणाम बदलवणारी कारणे अनेक आहेत आणि ती चाचणीच्या वेळापत्रकासाठी थांबत नाहीत. मेट्रोनिडॅझोल, को-ट्रायमॉक्साझोल, फ्लुकोनॅझोल आणि अमिओडॅरोन यांनी आयएनआर वाढतो. अमिओडॅरोनचा परिणाम तर औषध बंद केल्यावरही कित्येक आठवडे टिकतो. रिफॅम्पिसिन, कार्बामॅझेपिन आणि सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती आयएनआर खाली आणतात. पॅरासिटॅमॉल एखाद्या वेळी घेतले तर बहुधा काही होत नाही, पण भरपूर मात्रेत सलग काही दिवस घेतले तर आकडा वर जाऊ शकतो. आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामके आयएनआर फारसा न हलवताही पोटातील रक्तस्रावाचा धोका वाढवतात, म्हणजे त्यांचा धोका यंत्रावर दिसत नाही. ताप, जुलाब, चार दिवस अन्न न जाणे आणि अति मद्यपान यांनीही आकडा चढतो. नवे औषध सुरू झाले किंवा जुने बंद झाले की डॉक्टरांना कळवावे आणि साधारण तीन ते पाच दिवसांत चाचणी करण्याविषयी विचारावे.

आहाराबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. हिरव्या पालेभाज्यांत के जीवनसत्त्व भरपूर असते म्हणून त्या पूर्ण बंद कराव्यात, असे अनेकांना सांगितले जाते. प्रत्यक्षात त्या खाण्याचे प्रमाण आठवड्यागणिक साधारण सारखे ठेवणे महत्त्वाचे असते. डोस त्या आहाराशी जुळवून घेता येतो. के जीवनसत्त्व अगदीच तुटपुंजे मिळत असेल तर उलट थोड्याशा फरकानेही आकडा उसळतो.

गोळी चुकली आणि त्याच दिवशी आठवली तर घ्यावी. दुसऱ्या दिवशी आठवली तर दुप्पट डोस घेऊन भरपाई करू नये, नोंद करावी आणि डॉक्टरांना सांगावे. गर्भधारणेची शक्यता वाटली तर चाचणीच्या दिवसाची वाट न पाहता लगेच डॉक्टरांना कळवावे, कारण वॉरफरिन गर्भाला अपाय करू शकते. दात काढणे किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल तर वॉरफरिन चालू असल्याचे आधी सांगावे. औषध थांबवायचे की नाही आणि किती दिवस, हे ती शस्त्रक्रिया करणारे आणि वॉरफरिन देणारे अशा दोन्ही डॉक्टरांनी मिळून ठरवायचे असते.

साहित्य, प्रवास आणि बदल

शेवटच्या दोन-तीन स्ट्रिप उरेपर्यंत थांबू नये. चूक दाखवली गेली तर एका चाचणीला दोन लागतात, हे धरून मागणी आधीच नोंदवावी. प्रवासात यंत्र, स्ट्रिप आणि गोळ्या हातातील पिशवीत ठेवाव्यात, उन्हात उभ्या वाहनात सोडू नयेत, आणि वॉरफरिन, त्यामागचे कारण, डोस व लक्ष्यमर्यादा लिहिलेले कार्ड सोबत बाळगावे. दीर्घ प्रवासाला निघण्यापूर्वी आठवडाभर आधी एक चाचणी झालेली असली तर गरज पडल्यास डोस बदलायला वेळ मिळतो. परगावाहून आकडा कळवण्याचा मार्ग चालतो का, हेही आधी पाहून घ्यावे.

डॉक्टर बदलले की सेवेकडील आदेशही बदलावा लागतो. तो बदलला नाही तर आकडे जुन्या डॉक्टरांकडे जात राहतात आणि नव्या डॉक्टरांना वाटते की रुग्णाने चाचणीच केलेली नाही. नव्या आदेशाची खात्री होईपर्यंत प्रत्येक आकडा नव्या दवाखान्याला स्वतः फोनवर कळवावा. वॉरफरिन बंद झाले किंवा दुसरे औषध सुरू झाले तर सेवेला लेखी कळवावे, यंत्राच्या स्मृतीतील सर्व आकडे वहीत उतरवून त्यांची प्रत डॉक्टरांच्या नोंदीत द्यावी आणि मगच यंत्र परत करावे. उरलेल्या स्ट्रिप दुसऱ्या रुग्णाला देऊ नयेत. नव्या औषधांपैकी काहींमुळे या चाचणीचा आकडा बदलतो, पण त्यावरून त्या औषधाचा परिणाम मोजता येत नाही, म्हणून स्वतःसाठीही त्या राखून ठेवण्यात अर्थ नाही.